हरवलेला बाविसावा खंड

गेल्या मे महिन्यात माझी नात पंधरा दिवसांसाठी मांडव्याला, म्हणजे तिच्या आजोळी, राहायला आली होती. नववीत जाणारी, बोलकी आणि चुणचुणीत पोर. सुटीत आपापल्या आजोळच्या गावाची माहिती दोन पाने लिहून आणा, असे शाळेने सांगितले होते. ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून तिने फोनमध्ये मांडवा हा शब्द घातला आणि तिच्यापुढे प्रथम अवतरले ते अमिताभ बच्चन. १९९० सालच्या ‘अग्निपथ’ चित्रपटातल्या नायकाचे गाव मांडवा, हे सगळ्या देशाला ठाऊक. त्याच्या खाली बोटीची तिकिटे, त्याखाली पोहण्याचे तलाव असलेले भाड्याचे बंगले, आणि त्याखाली गुंठ्याचे भाव. गाव मात्र काही केल्या दिसेना.

मी तिला म्हटले, आपल्या जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते, त्या नावाने शोधून बघ. तिने तसे केले आणि फोनने तिला थेट मुंबईच्या कुलाब्यातल्या बाजारात नेऊन सोडले. तिथे ती रमली. आधी कानातली, मग ती कोणत्या नटीने घातली होती ते, मग त्या नटीचे लग्न. अर्ध्या तासाने मी चहा घेऊन बाहेर आलो, तेव्हा कुठल्याशा परदेशी तळ्याकाठी चाललेला लग्नसोहळा ती एकाग्र होऊन पाहत होती. मांडव्याचा कागद कोराच होता.

रागावण्यासाठी मी तोंड उघडले खरे, पण मला हसूच आले. तिच्या वयाचा असताना याच घरात, याच ओटीवर मीही अगदी हेच करीत असे. माझ्या हातात फोन नव्हता, इतकाच फरक. माझ्या हातात असे ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चा एखादा जाडजूड खंड. आंब्याबद्दल काही पाहायला म्हणून तो उघडावा, तर जवळपासच आंग्रे भेटत. आमच्या अलीबागचेच म्हणून त्यांच्याकडे थांबावे, तोवर पुढच्या पानांवरून आफ्रिका खुणावत असे. आईने जेवायला हाक मारेपर्यंत मी आंब्यापासून अर्धे जग लांब गेलेला असे.

हा ज्ञानकोश माझ्या आजोबांनी घेतला. ते याच तालुक्यात प्राथमिक शाळेत मास्तर होते. मास्तरांचा पगार तो काय असणार! पण वर्गणीदार होऊन, हप्त्याहप्त्याने पैसे पाठवून त्यांनी एकेक खंड मिळवला. एका वर्षी पडवीवर नवी कौले घालायची होती ती राहिली आणि पावसाळाभर आजीने गळतीखाली पातेली मांडली, ही गोष्ट आमच्या घरात अजून सांगतात. एकूण खंड तेवीस. आज माझ्या कपाटात बावीस आहेत. नेमका बाविसावा, म्हणजे सूचीखंड, कोणीतरी वाचायला म्हणून नेला तो परत आलाच नाही. म्हणजे कोशात काय काय कुठे आहे हे सांगणारा खंड तेवढा गेला, आणि आम्ही घरातली मुले सूचीवाचून हिंडत वाचायला शिकलो.

नातीमुळे ते कपाट पुन्हा उघडले गेले आणि त्याबरोबर मनात उघडले ते ज्या माणसाने हे सारे उभे केले त्याचे आयुष्य. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. मराठी माणूस त्यांना ज्ञानकोशकार म्हणून ओळखतो आणि बहुधा तेवढ्यावरच थांबतो. पण आज घरोघरी हाताच्या अंगठ्याने जे वाचन चालते, त्याबद्दल विचार करायचा तर केतकरांच्या आयुष्याइतका उपयोगी धडा दुसरा नसेल, असे मला वाटते.

केतकरांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ चा, रायपूरचा. रायपूर त्या वेळी मध्य प्रांतात होते. शाळा अमरावतीला झाली, पुढचे शिक्षण मुंबईत विल्सन कॉलेजात. १९०६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, हा तरुण अमेरिकेला गेला. आज आपल्या आळीतल्या दर चौथ्या घरातले कोणी ना कोणी तिकडे असते. तेव्हा बोटीचा प्रवास कित्येक आठवड्यांचा, आणि गेलेला माणूस परत येईल याची खात्री नसे. न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका या गावी कॉर्नेल विद्यापीठ आहे, तिथे केतकर शिकले. १९०९ मध्ये जातिसंस्थेच्या इतिहासावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक इथाकातच निघाले आणि १९११ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

त्या पुस्तकाची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. १९१६ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर एक निबंध वाचला. त्यात त्यांनी ज्या मोजक्या अभ्यासकांच्या व्याख्या तपासल्या, त्यांत केतकर एक होते. दोन मराठी तरुण, एकच प्रश्न, आणि भेट झाली ती पुस्तकाच्या पानावर. एका लिहिण्यातून दुसऱ्या लिहिण्याकडे जाणारी वाट ती हीच. आजचे लोक तिला दुवा म्हणतात.

केतकर अमेरिकेत होते त्याच काळात, म्हणजे १९१०-११ मध्ये, एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाची अकरावी आवृत्ती निघाली. एकोणतीस खंडांची, आणि त्यांतला शेवटचा खंड संपूर्ण सूचीचा. जगातले ज्ञान इंग्रजी जाणणाऱ्याच्या हाताशी असे अकारविल्हे रचून ठेवलेले आणि मराठी वाचणाऱ्याच्या हाताशी मात्र तसे काही नाही, ही गोष्ट केतकरांसारख्या माणसाला टोचली नसती तरच नवल. मराठीत कोशांची परंपरा नव्हती असे नाही. मोल्सवर्थचा शब्दकोश १८३१ चा, रघुनाथ भास्कर गोडबोल्यांचा भरतखंडाचा प्राचीन ऐतिहासिक कोश १८७६ चा. पण सगळ्या विषयांना एका छताखाली आणणारा मोठा कोश व्हायचा होता.

अमेरिकेतून केतकर लंडनला आले. तिथे त्यांची ओळख एडिथ कोह्न या जर्मन ज्यू तरुणीशी झाली. तिच्याविषयी पुढे सांगतो. १९१२ मध्ये ते भारतात परतले आणि कलकत्ता विद्यापीठात शिकवू लागले. परदेशी पदवी, विद्यापीठातली जागा, विद्वान म्हणून नाव. त्या काळच्या मध्यमवर्गीय कल्पनेप्रमाणे आयुष्याचे सार्थक झाले होते. केतकरांनी ते सोडले, १९१५-१६ च्या सुमारास नागपूरला आले आणि त्यांनी ज्ञानकोश मंडळ नावाची कंपनी काढली. हो, कंपनी! भागभांडवल असलेली, कायद्याने नोंदलेली मर्यादित कंपनी.

माझे आयुष्य बँकेत गेले. कर्जाचे अर्ज तपासून तपासून नजर अशी झाली आहे, की कुठलीही मोठी गोष्ट पाहिली की आधी तिचा प्रस्ताव डोळ्यांपुढे येतो. केतकरांचा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर तो असा दिसला असता. उत्पादन: जगातील सर्व ज्ञान, मराठीत. कच्चा माल: बाराखडी. तारण: काही नाही. प्रवर्तकाचा धंद्यातील अनुभव: शून्य. मुदत: सांगता येत नाही. मी तो अर्ज दुपारच्या चहाच्या आत नामंजूर केला असता. आणि नियमाप्रमाणे माझे काहीच चुकले नसते.

पण महाराष्ट्राने तो मंजूर केला. कंपनीचे भाग विकले गेले, वर्गणीदार मिळाले, गावोगाव माणसे हिंडली. मोठ्या शहरांतल्या विद्वानांइतकेच आमच्या आजोबांसारखे खेड्यातले मास्तर, वकील, कारकून यात सामील झाले. मुख्य भिस्त होती ती अशा साध्या माणसांवर. अजून न लिहिलेल्या पुस्तकासाठी त्यांनी आगाऊ पैसे मोजले. बँकेच्या भाषेत हे विनातारण कर्ज झाले, आणि ते एका भाषेला दिलेले होते.

काम पुढे पुण्याला आले. छापखाना उभा राहिला, संपादकवर्ग जमला. त्यात यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे हे दोघे होते. आज ज्याला आपण मजकूर म्हणतो तो तेव्हा कसा तयार होत असे, याची नव्या पिढीला कल्पना करणे अवघड आहे. जगभरातले ग्रंथ मागवायचे, वाचायचे, टिपणे काढायची. ज्या शास्त्रांना मराठीत शब्दच नाहीत, त्यांचे शब्द घडवायचे. परक्या नावांचे उच्चार ठरवायचे, कारण उच्चार बदलला की अक्षर बदलते आणि अक्षर बदलले की नोंद एका खंडातून उठून भलत्याच खंडात जाते. मग हाताने एकेक खिळा जुळवून पान बसवायचे, मुद्रिते तपासायची. ‘अ’ची शेवटची नोंद तयार झाल्याशिवाय ‘अ’ संपणार नाही आणि ‘अ’ संपल्याशिवाय ‘आ’ छापता येणार नाही. एखादी चूक छापली गेली तर ती कायमची. रात्रीत बदलता येईल असे काही नाही.

ही वाट किती बिकट होती हे शेजारच्या उदाहरणावरून कळते. त्याच सुमारास तेलुगूत कोमर्राजु लक्ष्मणराव यांनी असाच ज्ञानकोश काढायला घेतला होता. १९२३ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर तीन खंड निघाले होते आणि गाडी अजून ‘अ’मध्येच होती. केतकरांनी तडीस नेले. १९२० च्या सुमारास खंड येऊ लागले आणि ते दशक संपता संपता तेविसाव्या खंडापर्यंत काम पोहोचले.

आता या तेवीस खंडांची रचना पाहा, कारण सांगायचा मुद्दा तिथे आहे. अकारविल्हे नोंदी सुरू होतात त्या थेट सहाव्या खंडापासून. पहिले पाच खंड नुसत्या प्रस्तावनेचे आहेत! हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग आणि विज्ञानेतिहास, अशी त्यांची नावे. म्हणजे वाचकाने ‘अ’च्या दारातून आत शिरण्याआधी केतकर त्याला गच्चीवर नेतात आणि सगळा मुलूख एकदा दाखवतात. आपण कुठे उभे आहोत, जग कुठे आहे, आपला आणि त्याचा संबंध काय, हे आधी बघ, मग हवा तिथे हिंड. सहा ते एकवीस हे खंड हिंडण्याचे. बाविसावा सूचीचा. आणि तेविसावा खास हिंदुस्थानावरचा.

कोश हे मुळात हिंडण्याचेच पुस्तक आहे. कादंबरीसारखे ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोणी वाचत नाही. एका नोंदीत दुसरीकडे बोट दाखवलेले असते, अमुक पाहा म्हणून. ही युक्ती फार जुनी. फ्रान्समध्ये दिदरोने १७५१ पासून आपला विख्यात कोश काढला, तेव्हा त्याने या बोट दाखवण्याचा शस्त्रासारखा उपयोग केला. नरभक्षकांवरच्या नोंदीच्या शेवटी त्याने वाचकाला चर्चमधल्या प्रसादविधीची नोंद पाहायला सांगितले. वाक्य एकही आक्षेपार्ह नाही, आणि सांगायचे ते सांगून झाले! १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी संगणकावरच्या कागदपत्रांना असेच एकमेकांकडे बोट दाखवायला शिकवण्याचा आराखडा मांडला, आणि १९९३ मध्ये सर्नने ते तंत्र सर्वांना फुकट खुले केले. भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. माझी नात कुलाब्यापासून परदेशी तळ्यापर्यंत गेली ती या वाटेने. आंब्यापासून आफ्रिकेपर्यंत मी गेलो ती वाटही याच कुळातली. तेव्हा हिंडत वाचणे हे पाप नव्हे. हिंडणारा वाचक हा कोशाचा खरा वाचक.

मग बिघडले कुठे? याचे उत्तर शोधताना मला केतकरांच्या घरात डोकवावेसे वाटते.

१९२० मध्ये एडिथ कोह्न भारतात आल्या. व्रात्यस्तोम विधी करून त्या हिंदू झाल्या आणि केतकरांशी त्यांचा विवाह झाला. त्यांचे नाव शीलवती ठेवले गेले. परक्या देशातून पुण्यात आलेली ही बाई नुसती संसार करीत राहिली नाही. विंटर्निट्झ या पंडिताने जर्मनमध्ये भारतीय वाङ्मयाचा मोठा इतिहास लिहिला होता, त्याचा त्यांनी इंग्रजी अनुवाद केला. कलकत्ता विद्यापीठाने त्याचा पहिला खंड १९२७ मध्ये आणि दुसरा १९३३ मध्ये प्रसिद्ध केला. आजही संस्कृतचे अभ्यासक जगभर तो अनुवाद उघडतात आणि त्यावरच्या सौ. केतकर म्हणजे कोण, हे त्यांतल्या फारच थोड्यांना ठाऊक असते. पुढे त्यांनी आपल्या संसाराची हकीकत ‘मीच हे सांगितले पाहिजे’ या नावाने मराठीत लिहिली. त्या घरात ज्ञान भरपूर होते आणि पैसा मात्र बेताचा, असेच म्हणावे लागेल.

ज्ञानकोशाचे मुख्य काम आवरत आल्यावर, १९२७ मध्ये, केतकरांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ हे पुस्तक लिहिले. ज्ञानकोश मंडळाचा तो इतिहास. बँकेतला माणूस म्हणून मला या गोष्टीचे फार अप्रूप वाटते. लोकांचे पैसे घेतले, काम केले, आता त्याचा हिशेब मांडतो आहे, असा हा सरळ व्यवहार. ज्ञानकोशातले एखादे विधान चुकीचे निघाले तर कोणाला जाब विचारायचा, हे आमच्या आजोबांना माहीत होते. मुखपृष्ठावर नाव होते, पुण्याचा पत्ता होता, आणि पोस्टकार्ड स्वस्त होते. आज सकाळी उठल्यापासून आपल्या फोनवर जे येऊन पडते, त्यावर कोणाची सही असते? जो मजकूर कुणाचाच नाही, त्याला जाब तरी कोण देणार?

आणखी एक फरक आहे, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कोश वाचकाला सोडतो. हवे ते सापडले की खंड मिटावा आणि कामाला लागावे, एवढीच त्याची अपेक्षा. वर्गणी भरून झालेली असते. तुम्ही तो तासभर वाचलात काय आणि पाच मिनिटे वाचलात काय, केतकरांच्या कंपनीला एक पै जास्त मिळणार नव्हती. फोनवरच्या बाजाराचे गणित उलटे. तिथे वर्गणी नाही, म्हणून आपल्याला ते फुकट वाटते. प्रत्यक्षात तिथे मोजतात तो आपला वेळ, आणि तो जाहिरातदारांना विकतात. जितका वेळ तुम्ही हिंडाल तितका त्यांचा धंदा. म्हणून बोट दाखवणारा तिथे तुम्हाला हव्या त्या नोंदीकडे बोट दाखवीत नाही, तुम्ही उठून जाणार नाही अशा नोंदीकडे दाखवतो. मांडवा शोधणाऱ्या मुलीला लग्नसोहळ्यापर्यंत नेले ते या हिशेबाने. चाळीस वर्षे व्याजाचे आकडे लिहिलेल्या माणसाला हा हिशेब चटकन कळायला हवा होता. मलाही तो उशिराच कळला. रात्री झोपण्याआधी पाच मिनिटे म्हणून घेतलेला फोन मीही कित्येकदा बारानंतर खाली ठेवला आहे.

केतकर मात्र कोशातच अडकून पडले नाहीत. ‘गोंडवनातील प्रियंवदा’, ‘परागंदा’, ‘ब्राह्मणकन्या’ अशा कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या. मीही चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत, म्हणून सांगतो: रचना म्हणून पाहिले तर केतकरांच्या कादंबऱ्या विस्कळीत आहेत. पात्रे मध्येच थांबून चर्चा करतात, कथा बाजूला राहते. पण त्यांत जे प्रश्न आहेत, देशाबाहेर गेलेल्यांचे, जातीबाहेर ढकलल्या गेलेल्यांचे, ते त्यांच्या काळच्या सफाईदार कादंबऱ्यांना सुचलेही नव्हते. एका नोंदीतून दुसऱ्या नोंदीत जावे तसे ते एका माणसातून दुसऱ्या माणसात जातात. १९३१ मध्ये हैदराबादला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. मान मिळाला, पण अखेरची वर्षे आर्थिक ओढाताणीची गेली. गुजराती ज्ञानकोशाचे कामही त्यांनी हाती घेतले होते. १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे त्रेपन्न.

त्यांच्या मागे काम थांबले नाही. दाते आणि कर्वे यांनी ‘महाराष्ट्र शब्दकोश’ सिद्ध केला. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले, त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये आला. २००३ मध्ये मराठी विकिपीडिया सुरू झाला, ज्यात कुणीही उठून भर घालावी. आणि यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानाने केतकरांचा ज्ञानकोशच इंटरनेटवर आणला. आजोबांनी कौले पुढे ढकलून जे घेतले, ते आता फोनवर फुकट उघडते. हे मला पहिल्यांदा दिसले तेव्हा आनंद झाला, आणि का कोण जाणे, थोडे चुकल्यासारखेही झाले.

नातीला मी ते दाखवले. आता सूचीखंड हरवल्याचे दुःख नको, असे तिने मला समजावले. शब्द घातला की नोंद समोर! मीही क्षणभर मान हलवली. पण मग लक्षात आले, की शोधायची चौकट आणि सूची या दोन निराळ्या गोष्टी आहेत. चौकट रिकामी असते. ती विचारते, तुला काय हवे? सूची उलट बोलते. ती सांगते, माझ्याकडे काय काय आहे. ज्याला काय विचारावे हेच ठाऊक नाही, त्याला चौकटीचा उपयोग किती? केतकरांच्या ज्ञानकोशात रायगड जिल्हा शोधून तो कसा सापडणार? त्या काळी जिल्हा कुलाबा होता. हे जुने नाव तिला फोनने दिले नाही, शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने दिले. गावाचा सूचीखंड म्हणजे गावातली जुनी माणसे. आणि तो खंडही एकेक पान करून हरवतो आहे.

दुसऱ्या दिवशी मी तिला वही घेऊन कोळीवाड्यात पाठवले. तिथला माझा एक जुना खातेदार, आता सत्तरीचा, आपल्या नातवाच्या फोनवर वाऱ्याचा अंदाज रोज पाहतो आणि मग बाहेर येऊन आभाळाकडेही पाहतो. नव्या-जुन्याचे भांडण त्याच्या गावीही नाही. त्याने तिला रात्री जमिनीकडून सुटणारा मतलई वारा सांगितला, दुपारचा खारा वारा सांगितला. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचे भांग यांतला फरक सांगितला. डोल कुठे लावतात, पाग कशी फेकतात, बोंबील कोणत्या दिवसांत येतो. लाँच नव्हती, धक्का नव्हता, त्या काळी माणसे शिडाच्या होडीने भाऊच्या धक्क्याला कशी जात, तेही सांगितले. मोटारी घेऊन येणारी रो-रो बोट २०२० मध्ये सुरू झाली तो दिवस तर तिथल्या सगळ्यांना आठवत होता. संध्याकाळी ती परतली तेव्हा वहीची अकरा पाने भरली होती. शाळेला दोनच हवी होती.

रात्री तिने एक प्रश्न विचारला, तो माझ्या मनातून जात नाही. हे सगळे फोनवर का नाही? मी म्हटले, कारण तिथे ते कोणी ठेवले नाही. मराठीत जे काही आहे ते कोणीतरी बसून लिहिले, तपासले, आणि कोणीतरी त्यासाठी पदरमोड केली म्हणून आहे. ते आपोआप उगवत नाही. आपण लिहिले नाही तर मांडवा म्हणजे सिनेमातले एक गाव, बोटीचे तिकीट आणि गुंठ्याचा भाव, एवढेच उरेल. आणि पुढे इथे जन्मलेली मुलेही आपले गाव तसेच ओळखू लागतील.

ती काही बोलली नाही. जाण्याच्या आदल्या दिवशी मात्र झोपाळ्यावर बसून, वही मांडीवर ठेवून, फोनवर काहीतरी टिपताना दिसली. मला वाटले पुन्हा लग्नसोहळा. जवळ गेलो तर मतलई वारा टाइप करणे चालले होते, आणि ‘ई’ दीर्घ की ऱ्हस्व, हे तिला माझ्याकडून हवे होते. मी कपाटातून शब्दकोश काढून दिला. तिने तो उघडला, शब्द पाहिला, आणि मिटला नाही. शेजारच्या शब्दाकडे वळली.

जूनमध्ये पाऊस लागण्याआधी मी दरवर्षी ज्ञानकोशाचे खंड पुसतो, कडुनिंबाचा सुकवलेला पाला मध्ये घालतो आणि पुन्हा रचून ठेवतो. खाऱ्या हवेने पाने पिवळी पडली आहेत, शिवण सैल झाली आहे. यंदा एकवीस आणि तेवीस या खंडांच्या मधल्या मोकळ्या जागेत मी तिची अकरा पानांची वही ठेवली आहे. बाविसावा खंड परत येईल असे आता वाटत नाही. पण जागा रिकामी तरी कशाला ठेवायची?